आजारी मांजराचा अन्नत्याग आणि साहाय्यित आहार

प्रस्तावना

मांजर आजारी पडले की बहुधा सर्वप्रथम त्याचे खाणे सुटते. ‘दोन दिवस पोट रिकामे राहिले तर आजार आपोआप बरा होईल’ असा समज अनेक घरांत आढळतो. माणूस किंवा कुत्रा यांच्या बाबतीत असा उपवास काही वेळा निभावून जातो. मांजराच्या बाबतीत मात्र उपवास हाच एक स्वतंत्र आजार ठरू शकतो.

खेड्यातील मोकळे मांजर घरी जेवले नाही तरी बाहेर उंदीर किंवा पक्षी मारून पोट भरते. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद व फरीदाबाद या परिसरातील बहुमजली इमारतींमध्ये, बंद सदनिकेत वाढणाऱ्या मांजराला हा मार्ग उपलब्ध नसतो. शिवाय अशी मांजरे हालचाल कमी असल्याने स्थूल असतात आणि उपवासाचा सर्वाधिक धोका स्थूल मांजरालाच असतो. म्हणून ताटलीत तसेच उरलेले अन्न हा रुसवा न मानता आजाराचे लक्षण मानावे. अशा वेळी घरी काय करता येते, काय करू नये आणि पशुवैद्यकाकडे केव्हा जावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

उपवास मांजराला का सोसत नाही?

मांजर हा काटेकोर मांसाहारी प्राणी आहे. त्याचे यकृत प्रथिनांपासून सतत ऊर्जा तयार करीत असते आणि अन्न मिळाले नाही तरी ही प्रक्रिया फारशी मंदावत नाही. परिणामी उपाशी मांजराचे स्नायू झपाट्याने झिजू लागतात. त्याच वेळी शरीरातील साठवलेली चरबी विरघळून मोठ्या प्रमाणात यकृताकडे येते. एवढ्या चरबीचा वापर करणे किंवा ती बाहेर पाठविणे मांजराच्या यकृताला जमत नाही. ती यकृताच्या पेशींतच साचते, पेशी फुगतात, पित्ताचा प्रवाह अडतो आणि कावीळ होते. या विकारास ‘मेदयुक्त यकृत’ असे म्हणतात. यकृत बिघडल्याने मळमळ वाढते, मळमळीमुळे खाणे आणखी कमी होते आणि हे दुष्टचक्र स्वतःहून थांबत नाही. उपचार न झाल्यास हा विकार बहुधा प्राणघातक ठरतो. वेळेवर पुरेसा आहार पोटात जाऊ लागला, तर बहुसंख्य मांजरे वाचू शकतात. अर्थात, या विकारात अन्न हेच मुख्य औषध आहे.

आर्जिनिन, टॉरिन, अ जीवनसत्त्व व अ‍ॅरॅकिडॉनिक आम्ल हे घटकही मांजराला तयार स्वरूपात, अन्नातूनच मिळावे लागतात. टॉरिनच्या अभावामुळे मांजराच्या हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे अमेरिकेतील पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले. त्यामुळे भाताची पेज, वरणाचे पाणी, दूध-पोळी किंवा ग्लुकोजचे पाणी यांनी आजारी मांजराचे पोषण होत नाही. प्रौढ मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही व त्यांना जुलाब होतात.

कारणांचा शोध

अन्नत्यागाची कारणे अनेक असतात: दातांचे व हिरड्यांचे विकार, तोंडातील व्रण, मूत्रपिंडाचा आजार, स्वादुपिंडाचा दाह, आतड्यात अडकलेला दोरा, विषबाधा, ताप किंवा वेदना. मांजर अन्नाची निवड प्रामुख्याने वासावरून करते. त्यामुळे नागीण-विषाणू किंवा कॅलिसी-विषाणूमुळे सर्दी होऊन नाक चोंदले की भूक असूनही ते खात नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात धुरकट हवेमुळे नाकाचा दाह वाढतो आणि थंडीमुळे अन्न गार पडून त्याचा वासही मंदावतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की ओले अन्न तासाभरात बिघडू लागते. दिवाळीतील फटाके, घर बदलणे किंवा नवा प्राणी येणे या ताणामुळेही मांजर पलंगाखाली दडून उपाशी राहते. कारणावरील उपचार आणि आहार हे दोन्ही एकाच वेळी सुरू झाले पाहिजेत. निदान पूर्ण होईपर्यंत आहार थांबवून ठेवू नये.

पशुवैद्यकाकडे केव्हा जावे?

१. प्रौढ मांजराने २४ तास काहीही खाल्ले नाही, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाशी संपर्क साधावा. पिल्लांच्या बाबतीत काही तासही थांबू नये.
२. नेहमीच्या निम्म्याहून कमी आहार सलग तीन दिवस राहिल्यास तोही अन्नत्यागच समजावा. ‘थोडे चाटते’ म्हणजे पुरेसे खाते असे नाही.
३. हिरड्या, कानाचा आतील भाग किंवा डोळ्यांचा पांढरा भाग पिवळसर दिसणे, वारंवार उलटी, तोंड उघडून श्वास घेणे, लघवी न होणे किंवा मान टाकणे ही तातडीची लक्षणे आहेत.
४. मांजर लाळ गाळत असेल, त्याला गिळता येत नसेल, आवाज बदललेला असेल किंवा वागणे एकाएकी आक्रमक अथवा विचित्र झाले असेल, तर रेबीजची शंका घ्यावी. अशा मांजराच्या तोंडात हात किंवा सिरिंज घालू नये. चावा अथवा ओरखडा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुऊन ताबडतोब डॉक्टरांकडे जावे.

घरी करावयाचे प्राथमिक उपाय

पहिली पायरी बळजबरीची नसून मन वळविण्याची आहे. ओले अन्न शरीराच्या तापमानाइतके, म्हणजे सुमारे ३८ अंश सेल्सिअस, कोमट करावे. त्यामुळे वास खुलतो. नाकाभोवतीचा चिकट स्राव ओल्या कापसाने पुसावा. पसरट ताटलीत चमचाभर अन्न द्यावे आणि १५ ते २० मिनिटांत खाल्ले नाही तर उचलून घ्यावे. अन्नाची ताटली मलपात्रापासून दूर, शांत कोपऱ्यात ठेवावी. उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे, उकडलेले अंडे किंवा काटे काढलेला उकडलेला मासा भूक चाळविण्यासाठी चालतो. ज्या घरांत मांसाहार शिजत नाही, तेथे आजारी मांजरांसाठी मिळणारा डबाबंद किंवा भुकटी स्वरूपातील तयार आहार वापरावा.

कोणत्याही अन्नात कांदा व लसूण नसावा. घरातील रस्सा, सूप किंवा फोडणी घातलेला पदार्थ म्हणूनच वर्ज्य आहे. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातील लाल पेशी नष्ट होतात. कच्चे मांसही देऊ नये. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ व एक बिबट्या मृत्युमुखी पडले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू आढळला. २०२५ च्या सुरुवातीस मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे पाळीव मांजरांतही हा विषाणू आढळला. मार्जारकुलाला असलेला हा धोका लक्षात घेता कोंबडी पूर्ण शिजवूनच द्यावी.

ताप आहे असे वाटून पॅरासिटामॉल कदापि देऊ नये. या औषधाचे विघटन करणारी यंत्रणा मांजराच्या यकृतात अत्यंत दुबळी असते; एका गोळीनेही मृत्यू ओढवू शकतो. मळमळ थांबविणारी व भूक वाढविणारी औषधे उपलब्ध आहेत, परंतु ती पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावीत.

आहाराचे गणित

विश्रांतीच्या अवस्थेतील दैनंदिन ऊर्जेची गरज पुढील सूत्राने काढता येते:

ऊर्जा (किलोकॅलरी) = (३० × किलोग्रॅममधील वजन) + ७०

उदाहरणार्थ, ४ किलो वजनाच्या मांजराची गरज १९० किलोकॅलरी येते. मात्र अनेक दिवस उपाशी असलेल्या मांजरास पहिल्याच दिवशी संपूर्ण आहार देऊ नये. अन्न एकदम मिळाल्यास रक्तातील फॉस्फरस, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचे प्रमाण धोकादायकरीत्या घसरते. म्हणून वाढ टप्प्याटप्प्याने करावी:

पहिला दिवस: एकतृतीयांश, सुमारे ६३ किलोकॅलरी
दुसरा दिवस: दोनतृतीयांश, सुमारे १२७ किलोकॅलरी
तिसरा दिवस: पूर्ण, १९० किलोकॅलरी

दीर्घ उपवास झाला असेल, तर एकचतुर्थांशापासून सुरुवात करून चार ते पाच दिवसांत पूर्ण आहारावर यावे. पातळ आहाराच्या १ मिलिलिटरमध्ये १ किलोकॅलरी असल्यास व दिवसातून सहा वेळा दिल्यास पहिल्या दिवशी प्रत्येक वेळी सुमारे १० मिलिलिटर, तर तिसऱ्या दिवशी सुमारे ३२ मिलिलिटर आहार द्यावा लागतो. डब्यावरील ऊर्जेचा आकडा पाहूनच हे माप ठरवावे. पाण्याची गरज दर किलो वजनास दररोज सुमारे ५० मिलिलिटर असते. अन्नातील पाणीही त्यात धरावे.

सिरिंजने आहार देणे

ही पद्धत एक-दोन दिवसांची आणि पशुवैद्यकाने अनुमती दिल्यावरच वापरण्याची आहे. मांजर शुद्धीत असावे, त्याला गिळता येत असावे आणि उलटी किंवा श्वासाचा त्रास नसावा.

१. मांजरास टॉवेलमध्ये सैलसर गुंडाळून नैसर्गिक स्थितीत बसवावे. पाठीवर झोपवू नये व मान वर उचलू नये.
२. सिरिंजचे टोक सुळ्याच्या मागे, गालाच्या बाजूने ठेवावे. सरळ घशाकडे रोखू नये.
३. एका वेळी अर्धा ते एक मिलिलिटर सोडावे आणि गिळल्याची खात्री करूनच पुढचा घास द्यावा.
४. खोकला, ठसका किंवा नाकातून अन्न येणे दिसताच थांबावे. अन्न श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनिया होतो.
५. ओठ चाटत राहणे, लाळ येणे, तोंड फिरविणे ही मळमळीची चिन्हे आहेत. अशा वेळी बळजबरी केल्यास मांजराच्या मनात त्या अन्नाविषयी कायमची घृणा बसते.

वरील गणित येथे पुन्हा तपासावे. दिवसाला १९० मिलिलिटर आहार एकेक मिलिलिटरने देणे म्हणजे सुमारे १९० घास. झगडणाऱ्या मांजराला इतके घास भरविणे बहुतेक घरांत अशक्य ठरते. दिवसाकाठी २० ते ३० मिलिलिटर पोटात जातात, पाळकाला ‘आपण भरवतो आहोत’ असे समाधान मिळते आणि यकृताची उपासमार मात्र चालूच राहते. सिरिंजचा खरा धोका याच फसव्या समाधानात आहे.

नळीद्वारे आहार

नळीचे नाव काढताच अनेक कुटुंबे ‘इतका त्रास नको’ म्हणून नकार देतात. प्रत्यक्षात दिवसातून सहा वेळा धरून-बांधून तोंड उघडण्यापेक्षा नळीचा त्रास पुष्कळ कमी असतो.

नाकातून घातलेली नळी भूल न देता बसविता येते, ती काही दिवस पुरते व तिच्यातून केवळ पातळ द्रव आहार जातो. मानेच्या बाजूने अन्ननलिकेत बसविलेल्या नळीसाठी अल्पकालीन भूल लागते. पण ती अनेक आठवडे राहू शकते, तिच्यातून दाटसर वाटलेले अन्न व औषधेही देता येतात आणि नळी असताना मांजर तोंडाने खाऊही शकते. मेदयुक्त यकृताच्या रुग्णास कित्येकदा तीन ते सहा आठवडे असा आहार द्यावा लागतो. म्हणून दुसरी नळी अधिक उपयुक्त ठरते.

नळीची निगा पुढीलप्रमाणे राखावी:

१. प्रत्येक वेळी नळीवरील खूण जागेवर असल्याचे पाहावे. नळी सरकली असल्यास किंवा मांजराने ओकून काढल्यास अन्न देऊ नये.
२. अन्नापूर्वी व नंतर सुमारे ५ मिलिलिटर कोमट पाण्याने नळी धुवावी.
३. गाळलेले कोमट अन्न १० ते १५ मिनिटांत सावकाश द्यावे.
४. मानेवरील पट्टी रोज सोडून जखमेत सूज, पू किंवा दुर्गंध आहे का ते तपासावे.
५. तयार अन्न शीतकपाटात ठेवून २४ तासांत संपवावे. उन्हाळ्यात वीज गेल्यास उरलेले अन्न टाकून द्यावे.

मांजर आठवडाभर स्वतःहून पुरेसे खाऊ लागले व वजन टिकून राहिले, की नळी काढण्याचा निर्णय पशुवैद्यक घेतात.

नोंदवही व उपचारांची सोय

प्रत्येक आहाराची वेळ व प्रमाण, उलटी, लघवी, शौच आणि रोजचे वजन वहीत लिहावे. ४ किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम वजन घटणे म्हणजे शरीराचा विसावा भाग जाणे होय. ते डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर दिसते.

दिल्लीत तीस हजारी येथे शासकीय पशुचिकित्सालय आहे. गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा अनुसंधान संस्था, तसेच हिस्सार व लुधियाना येथील पशुवैद्यकीय विद्यापीठांची रुग्णालये आहेत. दवाखान्यात जाण्यापूर्वी ‘मांजरास आहारनळी बसविण्याची सोय आहे का’, असे दूरध्वनीवरून विचारून घ्यावे. मे-जूनमध्ये भर दुपारचा प्रवास टाळावा व मांजरास हवेशीर पेटीतूनच न्यावे.

समारोप

आजारी मांजराच्या बाबतीत वाट पाहण्याची मुदत फार अल्प असते. पहिल्या २४ तासांत सल्ला, पुढील एक-दोन दिवसांत दररोजच्या आहाराचे मोजमाप आणि ते माप पूर्ण होत नसल्यास विनाविलंब नळी, हा क्रम पाळकांनी ध्यानात ठेवावा. नळी हा शेवटचा उपाय समजून ती आठवडाभर लांबविली, तर तोवर यकृत निकामी झालेले असते. तीच तिसऱ्या दिवशी बसविली, तर मांजराच्या शरीराला आजाराशी झुंजण्याइतके बळ मिळते.