‘नोंद सापडली नाही’ म्हणण्याआधी

सूचीत ‘नोंद सापडली नाही’ असं दिसलं की वाचक पुस्तक नाहीच असं समजून निघून जातो. पुष्कळदा ते कपाटात असतं. ग्रंथालयांचे मराठी डेटाबेस सांभाळताना पक्क्या झालेल्या काही गोष्टी सांगतो.

१. पहिला शोध काटेकोरच हवा. तो रिकामा आला की एकेक अट सैल करावी. सगळ्या एकदम ढिल्या केल्या तर शेकडो नोंदी अंगावर येतात. मी आधी प्रकाशनवर्ष सोडतो, मग प्रकाशक. लेखक आणि शीर्षक सोडत नाही. तिथे सवलत द्यायची ती अक्षरांना.

२. ही सवलत मराठीत फार लागते. हरि–हरी, काशिनाथ–काशीनाथ, पंडित–पण्डित. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढले, म्हणून ‘नाहीं’, ‘कांहीं’ असं छापलेली शीर्षकं आजच्या लेखनाने शोधणाऱ्याला लागत नाहीत. त्याहून फसवी ती डोळ्यांना सारखी दिसणारी रूपं. ‘ॲ’ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहीत. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या दोघांना एक करत नाही, तो नियम आपणच लिहावा लागतो.

मूळ शीर्षकाला हात लावू नये. शेजारी शोधरूपाचा वेगळा रकाना करावा: इकार-उकार सगळे दीर्घ, परसवर्णाच्या जागी अनुस्वार, अदृश्य जोडचिन्हं वगळलेली. वाचकाचा शब्दही याच चाळणीतून जायला हवा, नाहीतर सगळी मेहनत फुकट. अनुस्वार पूर्ण गाळणं मात्र शेवटच्या पायरीसाठी ठेवावं, कारण ‘घरात’ आणि ‘घरांत’ यांचा अर्थ वेगळा.

३. उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या साउंडेक्सच्या नादी लागू नये. १९१८ साली पेटंट मिळालेली ती पद्धत इंग्रजी नावांसाठी घडली. लेव्हनश्टाइन अंतर, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती चिन्हं बदलावी लागतात ते मोजणं, उपयोगी आहे, पण लांब शब्दांनाच. वेलांटी हे स्वतंत्र चिन्ह मोजलं जातं, त्यामुळे छोट्या शब्दात एका चिन्हाच्या फरकाने भलतंच पुस्तक समोर येतं.

४. रिकाम्या रकान्यांकडे लक्ष द्यावं. जुन्या पुस्तकांवर कित्येकदा साल नसतं आणि नोंदीत तिथे नल (null), म्हणजे मूल्यच नसल्याची खूण, असतो. ‘१९२० ते १९४०’ अशी अट घातली की एसक्यूएल या नोंदी मुकाट्याने वगळतं. ‘किंवा साल नोंदलेलं नाही’ ही जोड द्यावी आणि अशी पुस्तकं यादीत खाली दाखवावीत.

५. काय सैल केलं ते वाचकाला सांगावंच. ‘नेमकं शीर्षक मिळालं नाही, जवळची ही’ एवढी ओळ पुरते. न सांगता दुसरंच पुढे करणं मला अप्रामाणिक वाटतं.

६. शून्य निकाल देणारे शब्द साठवावेत, शोधणाऱ्याचं नाव न ठेवता. चाळणीचे नवे नियम त्यांतूनच निघतात. नियम सुधारूनही जे सापडत नाही ते बहुधा आपल्याकडे खरोखरच नसतं. ती यादी पुस्तक खरेदीच्या बैठकीत ठेवावी.