जहाज थांबले, दंड कोणाला?

(जगाचा बहुतेक व्यापार समुद्रावरून चालतो. या व्यापारात अनेक देशांचे लोक असतात. त्यांच्यात तंटे होऊ नयेत म्हणून जहाज-व्यवसायाच्या आंतरराष्ट्रीय संघटना कोणते काम करतात आणि अशा संघटनांपासून केव्हा सावध राहावे लागते, हे या पाठात सांगितले आहे.)

विद्यार्थी मित्रांनो, दौंड स्टेशनच्या मालधक्क्याजवळून तुम्ही कधी गेला आहात का? मालगाडी येते. वाघिणींची दारे उघडतात. हमाल पाठीवर पोती घेऊन उतरवू लागतात. या कामासाठी रेल्वेने ठरावीक तास दिलेले असतात. तेवढ्या वेळात वाघिणी रिकाम्या झाल्या नाहीत, तर व्यापाऱ्याला दंड भरावा लागतो. या दंडाला 'डेमरेज' म्हणतात. व्यापारी घाई का करतो, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

रेल्वेचे एक बरे आहे. गाडी तिची, रूळ तिचे आणि नियमही तिचाच. तक्रार असली तर कोठे जायचे, हे ठाऊक असते. समुद्रावर मात्र तसे नसते.

दौंड तालुक्यात भीमेच्या पाण्यावर आणि शिरूर तालुक्यात घोड नदीच्या पाण्यावर ऊस पिकतो, हे तुम्ही रोज पाहता. उसाची साखर होते. सरकारची परवानगी असेल तेव्हा ती परदेशीही जाते. २०२१-२२ च्या हंगामात भारताने १०० लाख टनांहून अधिक साखर निर्यात केली. एवढी साखर नेण्यासाठी पुष्कळदा संपूर्ण जहाजच भाड्याने घ्यावे लागते.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, मुंबईच्या एका व्यापाऱ्याने साखरेसाठी जहाज भाड्याने घेतले. जहाजाचा मालक ग्रीस देशाचा. जहाजावर झेंडा पनामा देशाचा. खलाशी काही रत्नागिरीचे, काही फिलिपाइन्सचे. विमा लंडनमध्ये उतरवलेला. माल भरण्यासाठी पाच दिवसांची मुदत ठरली. दोन दिवस काम झाले आणि पाऊस सुरू झाला. साखर पाण्यात विरघळते, म्हणून काम थांबले. पाऊस दोन दिवस राहिला. मालक म्हणतो, "पाऊस पडला तरी माझे जहाज अडकूनच पडले. हे दोन दिवस मी मोजणार." व्यापारी म्हणतो, "पाऊस काही मी पाडला नाही. ते दिवस मोजू नका." मोठ्या जहाजाचे एका दिवसाचे डेमरेज हजारो डॉलर असते. मग खरे कोणाचे मानायचे? ग्रीसचा कायदा लावायचा, पनामाचा की भारताचा?

याचे उत्तर कराराच्या कागदात असते आणि तो कागद बहुधा एखाद्या संघटनेने तयार केलेला असतो.

१९०५ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात काही जहाजमालक एकत्र आले आणि त्यांनी एक संघटना स्थापन केली. तिला आज 'बिम्को' म्हणतात. घर भाड्याने देताना आपल्याकडे छापील करारनामा मिळतो. रिकाम्या जागी नावे, भाडे आणि मुदत लिहिली की काम होते. बिम्कोने जहाजांसाठी असेच छापील करारनामे तयार केले. त्यांपैकी 'जेनकॉन' नावाचा करारनामा १९२२ साली निघाला. त्यात वेळोवेळी सुधारणा झाल्या आणि तो आजही वापरला जातो.

करारातील शब्दांचा अर्थ ज्याने त्याने आपल्या सोयीने लावू नये, म्हणून २०१३ साली बिम्कोने इतर काही संस्थांबरोबर मुदत मोजण्याच्या शब्दांच्या व्याख्या प्रसिद्ध केल्या. त्यांत 'हवामान अनुकूल असलेला कामाचा दिवस' असा एक प्रकार आहे. हवामानामुळे काम न अडता माल चढवता किंवा उतरवता येतो, तेवढाच वेळ त्यात मोजतात. आपल्या व्यापाऱ्याच्या करारात हे शब्द असतील, तर पावसाचे दोन दिवस सुटले. ते नसतील आणि दुसरी कोणती सवलतही नसेल, तर ते दोन्ही दिवस मुदतीत गेले. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. एकदा मुदत संपून दंड सुरू झाला, की त्यानंतर आलेल्या पावसाची सबब सहसा चालत नाही. म्हणून शहाणा व्यापारी पहिल्या दिवसापासून घाई करतो.

जहाज-व्यवसायात अशा आणखीही संघटना आहेत. १९२१ साली स्थापन झालेली 'इंटरनॅशनल चेंबर ऑफ शिपिंग' ही संस्था निरनिराळ्या देशांतील जहाजमालकांच्या संघटनांची संघटना आहे. तिचे कार्यालय लंडनमध्ये आहे. जगातील व्यापारी जहाजांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जहाजांच्या वतीने ती बोलते. समुद्रावरील सुरक्षिततेचे नियम संयुक्त राष्ट्रांची 'आंतरराष्ट्रीय सागरी संघटना' करते. तेथे मत देण्याचा अधिकार फक्त सरकारांना आहे. चेंबरसारख्या संघटनांना मत नाही, पण आपले म्हणणे मांडण्याची मुभा आहे. जहाजावर काम करणाऱ्यांचा अनुभव अशा रीतीने नियम करणाऱ्यांपर्यंत पोहोचतो.

खलाशी आणि इतर वाहतूक कामगारांचीही जागतिक संघटना आहे. मालक आणि कामगार यांचे पगारावरून भांडण होणे स्वाभाविक आहे. परंतु २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा निराळेच घडले. देशांनी बंदरे बंद केली. कामाची मुदत संपली तरी खलाशांना जहाजावरून उतरता येईना. त्या वर्षाच्या अखेरीस असे अडकलेले खलाशी सुमारे ४ लाख होते. कोकणातील कितीतरी घरांत आई-वडील वाट पाहत होते. त्या वेळी मालकांची संघटना आणि कामगारांची संघटना यांनी एकत्र येऊन सरकारांकडे मागणी केली, "या माणसांना घरी जाऊ द्या." एकट्या खलाशाचा आवाज जेथे पोहोचला नसता, तेथे संघटनेचा आवाज पोहोचला.

मुलांनो, एवढे वाचून तुम्हाला वाटेल की संघटना म्हणजे नेहमी चांगलीच गोष्ट. पण थांबा. याच व्यवसायाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

१८७५ साली इंग्लंड ते कलकत्ता या मार्गावरील जहाज कंपन्यांनी आपला एक संघ केला. अशा संघाला 'कॉन्फरन्स' म्हणत. सर्वांनी एकच भाडे घ्यायचे, असे त्यांनी ठरवले. पुढे त्यांनी एक युक्ती काढली. व्यापाऱ्याच्या भाड्यातील काही टक्के रक्कम परत देण्याचे वचन द्यायचे, पण ती काही महिने आपल्याजवळच ठेवायची. त्याने मधल्या काळात संघाबाहेरच्या जहाजातून एकदा जरी माल पाठवला, तरी ती रक्कम बुडाली! शिरूरच्या बाजारात एखादा आडत्या शेतकऱ्याला म्हणाला, "वर्षभर कांदा माझ्याच गाळ्यावर आण, तर दिवाळीला काही पैसे परत देईन. एकदा जरी दुसरीकडे गेलास, तर विसर," तर शेतकरी दुसरीकडे जाईल का? नव्या आडत्याचा धंदा कसा चालेल?

हा त्रास आपल्याच एका माणसाला सोसावा लागला. सोलापूरला जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आणि इतर सहकाऱ्यांसह १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. आपल्या शेजारच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीची 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून लंडनला निघाली. त्याची आठवण म्हणून ५ एप्रिल हा दिवस आपण 'राष्ट्रीय सागरी दिन' म्हणून पाळतो. ब्रिटिश कंपन्यांना ही स्पर्धा सहन झाली नाही. त्यांनी आपले भाडे एकदम खाली आणले. त्यांच्याजवळ पैसा होता, ते तोटा सोसू शकत होते. शेवटी १९२३ साली सिंदियाला त्यांच्याशी दहा वर्षांचा करार करावा लागला. भारताच्या किनाऱ्यावरील व्यापारात तिला जागा मिळाली, पण जहाजांच्या संख्येवर मर्यादा आली आणि दूरच्या मार्गांचे दार बंद झाले. पुढे १९३० च्या सुमारास भारतीय जहाजमालकांनी स्वतःची संघटना उभारली.

कॉन्फरन्सविरुद्ध इतर देशांतूनही तक्रारी होत राहिल्या. १९७४ साली संयुक्त राष्ट्रांनी अशा संघांसाठी आचारसंहिता तयार केली. २००८ साली युरोपीय संघाने त्यांना दिलेली कायद्यातील खास सूट काढून घेतली.

विद्यार्थी मित्रांनो, बिम्को काय किंवा कॉन्फरन्स काय, दोन्ही व्यापाऱ्यांनीच केलेल्या संघटना. पण एकीने सर्वांना वाचता येईल असा कागद दिला आणि दुसरीने बाहेरच्यांसाठी दार लावून घेतले. तेव्हा कोणत्याही संघटनेचे नाव ऐकले, की दोन प्रश्न विचारा. नियम सर्वांना दिसतात का? आणि ते करताना ज्यांना ते पाळायचे आहेत, त्यांच्यापैकी कोणी तेथे बसले होते का?

तुमच्यापैकी कोणी उद्या साखरेचा किंवा कांद्याचा व्यापार करील, कोणी जहाजावर नोकरी धरील. सही करण्यापूर्वी कागदावरचे बारीक अक्षर जरूर वाचा. पावसाच्या दिवसाचा हिशेब त्या बारीक अक्षरातच लिहिलेला असतो.

शब्दार्थ

मालधक्का – रेल्वेत माल चढवण्या-उतरवण्याची जागा
वाघीण – मालगाडीचा डबा (दुसरा अर्थ : वाघाची मादी)
बंदर – जहाजे लागण्याची जागा (उर्दूत 'बंदरगाह', उर्दूतील 'बंदर' म्हणजे मराठीत माकड)
तक्रार – गाऱ्हाणे, शिकायत (उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद)
आडत्या – शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल
सबब – कारण, निमित्त
मुभा – मोकळीक, परवानगी

स्वाध्याय

१. रेल्वेचे डेमरेज आणि जहाजाचे डेमरेज यांत कोणते साम्य आहे? कोणता फरक आहे?
२. पावसाचे दोन दिवस मोजावेत की नाहीत? व्यापारी आणि जहाजमालक यांच्यातील संवाद लिहा.
३. कॉन्फरन्सची युक्ती तुमच्या शब्दांत सांगा. ती तुम्हाला न्याय्य वाटते का? कारण द्या.
४. करार, मालक, मुदत, हिशेब, सबब हे शब्द उर्दूतही आहेत. दोन्ही भाषांत त्यांचे अर्थ सारखेच आहेत का, ते शोधा.
५. तुमच्या गावातील एखाद्या व्यापारी किंवा हमाल संघटनेची माहिती विचारून दहा ओळी लिहा.