राजीनामा सर्वांत शेवटी

एडिंबरोच्या ज्या गोल्फपटूंनी १७४४ मध्ये या खेळाचे पहिले १३ नियम कागदावर उतरवले, त्यांच्या क्लबने पुढे दोनदा आपले मैदान सोडले. लीथच्या पाच होलांवरून हा क्लब १८३६ मध्ये मसलबरोला गेला. तिथे नऊ होल होते, पण त्याच नऊ होलांवर इतरही क्लब खेळत. गर्दीत खेळणे अवघड झाले, तेव्हा १८९१ मध्ये क्लबने म्यूरफिल्डला ओल्ड टॉम मॉरिसकडून स्वतःचे मैदान आखून घेतले. पुढच्याच वर्षी त्या मैदानावर ओपन स्पर्धा झाली आणि ती पहिल्यांदाच ७२ होलांची खेळवली गेली.

स्थलांतर यशस्वी झाले, यात शंका नाही. मात्र तिथे क्लबच सदस्यांना घेऊन निघाला होता. खेळायचे सोबती तेच राहिले, परंपरा तीच राहिली, बदलली ती फक्त जमीन. एकटा सदस्य जुना क्लब सोडून दुसऱ्या क्लबमध्ये जातो, तेव्हा नेमके उलटे होते. जमीन नवी आणि चांगली मिळते, पण बाकीचे सगळे मागे राहते.

प्रस्तुत लेखक राज्यातल्या एका जुन्या क्लबचा अनेक वर्षांचा सदस्य. मध्यंतरी त्या क्लबमध्ये ग्रीन्सच्या नूतनीकरणाचे काम निघाले आणि ते ठरल्यापेक्षा बरेच लांबले. अर्धा कोर्स बंद, उरलेल्या अर्ध्यावर झुंबड, रविवारी सकाळच्या टी-टाइमसाठी ओढाताण आणि त्यात सदस्यांवर लावलेली विशेष वर्गणी. त्याच सुमारास शहराबाहेर एका बांधकाम व्यावसायिकाचा नवा कोर्स सुरू झाला होता. रुंद फेअरवे, नवी कोरी कार्ट्स, ‘आजीवन सदस्यत्वा’ची जाहिरात. लेखकाच्या नेहमीच्या फोरबॉलमधल्या चौघांमध्ये दर रविवारी खेळानंतर हाच विषय निघे.

चौघांपैकी सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांनी आधी निर्णय घेतला. वार्षिक सभेत वर्गणीवरून खडाजंगी झाली आणि घरी पोचताच त्यांनी राजीनामा लिहून पाठवला. व्यवस्थापन समितीने तो पुढच्या बैठकीत मंजूर केला. नव्या क्लबचे पैसे भरून झाले आणि मग करारातली एकेक गोष्ट त्यांच्या लक्षात येऊ लागली. ‘आजीवन’ म्हणजे ठराविक वर्षांपुरता मैदान वापरण्याचा परवाना. ग्रीन फी सदस्यांनाही होती, फक्त सवलतीच्या दराने. कार्ट घेणे सक्तीचे होते. पावसाळ्यात फेअरवे भिजले की कार्ट फक्त डांबरी वाटेवरून न्यायची, म्हणजे प्रत्येक फटक्यासाठी वाटेपासून चेंडूपर्यंत आणि परत चालायचे. या गृहस्थांचे गुडघे दुखत होते आणि कार्ट मिळेल म्हणूनच तर ते तिकडे गेले होते.

दोन पावसाळे असे गेल्यावर त्यांनी जुन्या क्लबमध्ये विचारणा केली. उत्तर नियमाला धरून होते. परत यायचे तर नवा अर्ज, प्रतीक्षायादीत शेवटचा क्रमांक आणि आजच्या दराने प्रवेश शुल्क. त्यांच्या मुलाला सदस्याचा मुलगा म्हणून मिळणारे सवलतीचे सदस्यत्वही राजीनाम्याबरोबर गेले होते. ते त्या दिवशी त्यांना कुणी सांगितले नव्हते आणि त्यांनीही विचारले नव्हते.

लेखक तेव्हा स्वतः राजीनाम्याच्या विचारात होता. मित्राची परवड पाहून त्याने हात आवरला आणि प्रत्येक बाब कागदपत्रांवरून तपासायला घेतली. त्या तपासणीतून हाती लागले ते इतरांच्या उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

पहिले काम तक्रारींची वर्गवारी. काही तक्रारी मुदतीच्या असतात. ग्रीन्सचे काम, क्लबहाउसची दुरुस्ती, न पटणारी एखादी समिती ही आज ना उद्या संपतात. काही तक्रारी आपल्या स्वतःच्या असतात. चेंडू पूर्वीइतका लांब जात नाही, अठरा होल झेपत नाहीत, जुने सोबती एकेक करून खेळणे सोडत आहेत. या तक्रारी कोणत्याही क्लबच्या फाटकावर थांबत नाहीत, त्या आपल्याबरोबर आत येतात. कायमच्या आणि क्लबच्याच अशा तक्रारी तेवढ्या उरतात. घर बदलल्यामुळे दोन तासांचा झालेला प्रवास, पत्नीला किंवा मुलीला बरोबरीचे हक्क नसणे, जमिनीवरच आलेले संकट. क्लब सोडण्याचा विचार करावा तो या तिसऱ्या गटापुरता. लेखकाने आपली यादी अशी मांडली तेव्हा तिच्यातल्या बहुतेक नोंदी पहिल्या दोन गटांत गेल्या.

तिसऱ्या गटातल्या गोष्टीही आत राहून बदलता येतात, याचे उदाहरण पुन्हा म्यूरफिल्डचेच आहे. मे २०१६ मध्ये स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा ठराव तिथे दोनतृतीयांश मतांअभावी फेटाळला गेला. ओपन स्पर्धा यापुढे म्यूरफिल्डवर होणार नाही, असे आर अँड ए या संस्थेने लगेच जाहीर केले. मार्च २०१७ मध्ये सदस्यांनी पुन्हा मतदान केले आणि ८० टक्क्यांहून अधिक मतांनी ठराव संमत झाला. २०२२ ची स्त्रियांची ओपन स्पर्धा त्याच मैदानावर खेळली गेली. बाहेरचा दबाव मोठा होता हे खरे. तरी नियम बदलला तो राजीनामा न देता आत राहिलेल्यांच्या मतांनी.

मताचा हा मुद्दा आपल्याकडे तर फारच महत्त्वाचा आहे. चेंबूरच्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबसारखे जुने क्लब सदस्यांचे असतात. असे क्लब कंपनी कायद्याखाली किंवा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले असतात. मतदानाचा हक्क असलेला सदस्य समिती निवडतो, हिशेब मागतो, ठरावाला विरोध करतो. क्लब कंपनी असेल तर एकदशांश मताधिकार असलेले सदस्य एकत्र येऊन विशेष सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी करू शकतात. विशेष ठरावाला विरोधी मतांच्या किमान तिप्पट मते लागतात. विकसकाच्या मालकीच्या कोर्सवर यातले काहीही नसते. तिथे सदस्य हा करार केलेला ग्राहक असतो. दर वाढले, वेळा बदलल्या, मालकी दुसऱ्याकडे गेली, तर करारात जे लिहिले असेल तेवढाच त्याचा हक्क. अशी व्यवस्था वाईटच असते असे नाही. अनेकदा तिथली देखभाल जास्त चोख असते आणि सभांचे राजकारणही नसते. पण आपण काय देऊन काय घेत आहोत, हे पैसे भरण्याआधी माहीत हवे.

दोन्ही क्लबची कागदपत्रे मागून वाचावीत. जुन्या क्लबची नियमावली आणि पोटनियम, नव्याचा करार आणि गेल्या काही वर्षांचे ताळेबंद. क्लब कंपनी असेल तर तिची वार्षिक विवरणपत्रे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून कुणालाही पाहता येतात. रोजच्या देखभालीचा खर्च नव्या सदस्यांच्या प्रवेश शुल्कातून भागवला जात असेल, तर सदस्यसंख्या वाढवत राहणे त्या क्लबला भागच पडते. आज रिकामा दिसणारा कोर्स मग काही वर्षांत आपल्या जुन्या क्लबसारखाच भरून जातो.

त्यानंतर जमीन. क्लब कितीही जुना आणि नामांकित असला तरी पायाखालची जमीन कुणाची आहे, हे पाहावेच लागते. मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सच्या २११ एकरांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. बरीच वर्षे प्रश्न लोंबकळत राहिला आणि अखेर २०२४ मध्ये १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर रेसकोर्सकडे अशी वाटणी ठरली. गोल्फच्या अठरा होलांनाही शंभर-सव्वाशे एकर सहज लागतात आणि शहर वाढले की त्या जमिनीवर सगळ्यांचीच नजर जाते. म्हणून भाडेपट्टा कधी संपतो, नूतनीकरणाची अट काय, एखादा दावा चालू आहे का, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत. नव्या विकसकाकडे जमिनीची मालकी आणि बिगरशेती परवान्याचे कागदही मागावेत.

आता पैसे. समजा, नव्या क्लबचे प्रवेश शुल्क दहा लाख आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ११ लाख ८० हजार होतात आणि ही रक्कम सहसा परत मिळत नाही. साठीचा माणूस आणखी पंधरा वर्षे महिन्याला चार राउंड खेळेल असे धरले, तर ७२० राउंड होतात. म्हणजे प्रत्येक राउंडमागे साधारण १,६४० रुपये नुसत्या प्रवेशाचे. त्यावर वार्षिक शुल्क, ग्रीन फी, कार्ट, कॅडी, जेवण आणि पेट्रोल. प्रत्यक्षात गुडघे, प्रवास आणि नातवंडे यांपायी राउंड कमीच होतात आणि दर राउंडचा खर्च तेवढा वाढतो. हा हिशेब मांडल्यावर पुष्कळांना सदस्यत्व न घेता फी भरून खेळणे परवडते. सिडकोच्या खारघर व्हॅली गोल्फ कोर्सवर अशी सोय आहे आणि इतरही काही कोर्स आठवड्याच्या मधल्या दिवशी पाहुण्यांना फी घेऊन खेळू देतात.

हँडिकॅपची चिंता अनेकांना असते, ती त्या मानाने लहान आहे. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत इंडेक्स खेळाडूचा असतो आणि तो शेवटच्या २० राउंडमधल्या सर्वोत्तम आठांवरून निघतो. क्लब बदलला तरी नोंदी नव्या होम क्लबकडे वर्ग करून घेता येतात. मात्र मैदानाच्या अवघडपणाची तयारी ठेवावी. सरासरी अवघड मैदानाचे स्लोप रेटिंग ११३ मानतात. इंडेक्स १८ असेल आणि नव्या मैदानाचे स्लोप १३५ असेल, तर नुसत्या स्लोपनेच कोर्स हँडिकॅप २१ ते २२ होतो. कोर्स रेटिंग आणि पार यांतला फरक त्यात आणखी मिळवायचा. टेकडीवरच्या नव्या कोर्सवर आपला खेळ अचानक बिघडला असे वाटते, त्यामागे बहुधा हेच कारण असते.

कॅडींविषयी कुणी फारसे बोलत नाही, पण तेही या निर्णयाचा भाग आहेत. दिल्ली गोल्फ क्लबच्या कॅडींमधून वर आलेल्या अली शेर यांनी १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि ती जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक ठरले. मैदानाची इतकी बारीक जाण असलेली माणसे आपल्या प्रत्येक जुन्या क्लबमध्ये आहेत. कोणत्या ग्रीनवर चेंडू दिसतो त्याच्या उलट वळतो, आपला फटका दमल्यावर कुठे जातो, हे त्यांना ठाऊक असते. नव्या ठिकाणी कॅडी आहेत का, ते कायम आहेत की रोजंदारीवर, त्यांचा विमा आहे का, हे जरूर विचारावे. क्लब आपल्या माणसांना कसा वागवतो, हे तेवढ्या उत्तरांवरूनही पुरेसे कळते.

महाराष्ट्रात कोर्सची खरी परीक्षा वर्षातून दोनदा होते. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये, जेव्हा पाण्याचा निचरा दिसतो, आणि एकदा एप्रिल-मेमध्ये, जेव्हा पाणी कुठून येते ते कळते. विक्रीसाठी आमंत्रण मात्र बहुधा डिसेंबरमध्ये मिळते, तेव्हा प्रत्येक कोर्स सुंदरच दिसतो. म्हणून पाहुणा म्हणून, स्पर्धेच्या निमित्ताने किंवा परस्पर संलग्न क्लबच्या सवलतीने दोन्ही ऋतूंत आणि शक्यतो रविवारी सकाळीच खेळून पाहावे. खेळानंतर तासभर तिथेच बसावे. अनोळखी माणसाला कुणी आपल्या टेबलावर बोलावते का, हेही त्यात कळते.

लेखकाने शेवटी जुने सदस्यत्व ठेवले आणि मधल्या दिवशी फी भरून बाहेर खेळायला सुरुवात केली. ग्रीन्सचे काम पूर्ण झाले, विशेष वर्गणीचा हिशेब सभेत मागून घेता आला. पण फोरबॉलमधले तिसरे सोबती क्लब सोडून गेले आणि त्यांचा निर्णय बरोबर होता. मुलीजवळ राहायला ते दुसऱ्या शहरात गेले होते आणि महिन्याकाठी एक राउंडही होत नव्हता. त्यांनी आधी अनुपस्थित सदस्य म्हणून कमी शुल्कात नाव ठेवता येते का, हे विचारले. मुलाचा स्वतंत्र सदस्यत्वाचा अर्ज आपण सदस्य असतानाच दाखल केला. नव्या शहरातल्या क्लबचे मंजुरीपत्र हातात आल्यावरच जुन्याला कळवले.

ज्यांना खरोखरच सोडायचे आहे, त्यांनी हाच क्रम ठेवावा. बहुतेक क्लबचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, तेव्हा शोध आदल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरू केला तर उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून होतात. दिवाळीनंतर कागदपत्रे वाचावीत, जानेवारीत घरच्यांशी बसून हिशेब करावा. मुलांचे हक्क, परत येण्याचा नियम, अनामत रकमेचा परतावा आणि अनुपस्थित सदस्यत्वाची सोय या चार गोष्टींची उत्तरे सचिवांकडून लेखी घ्यावीत. राजीनाम्याचे पत्र मार्चमध्ये, सगळी देणी चुकती करून, थकबाकी नसल्याच्या दाखल्याच्या मागणीसह द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.