पंपाची वायर कुठे जाते?

पाण्याने गार होणारा कॉम्प्युटर घरात आला की सगळ्यांना पाण्याचीच धास्ती. नळी सुटेल, थेंब गळेल, बोर्ड जळेल. मीही कॅबिनेटखाली वर्तमानपत्र अंथरून ठेवलं होतं. ते अजून कोरडंच आहे. त्रास दिला तो विजेने.

मी नागपुरात राहतो आणि घरूनच व्हिडिओ एडिटिंग करतो. मे महिन्यात इथे पारा 45 च्या आसपास असतो. बंद खोलीतल्या मशीनने किती सोसायचं, म्हणून ओळखीच्या दुकानातून पाण्याचं कूलिंग बसवून घेतलं. (पाणी काही खोलीपेक्षा गार होत नाही, हे आधीच सांगतो. अनेकांना वाटतं, फ्रीज बसवला.) पंप उत्तम होता, डी5 जातीचा. मेल, सिनेमा, हिशेब, सगळं झकास चालायचं. एक्स्पोर्ट लावला की मात्र प्रोसेसर शंभर अंशांना टेकायचा आणि जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करायचा. दुकानदाराने थर्मल पेस्ट बदलली, पंखे बदलले. फरक शून्य.

शेवटी झाकण काढून नळ्यांना हात लावला. प्रोसेसरकडून निघणारी नळी चांगलीच तापलेली आणि रेडिएटर थंडगार. पाणी नीट फिरत असेल तर आख्ख्या लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या बंद फेऱ्यात, तापमानाचा फरक फार तर दोन-चार अंशांचा असतो. इथे पाणी जेमतेम सरकत होतं.

पंपाची वायर हाताने चाचपत गेलो, तर ती कन्व्हर्टर लावून मदरबोर्डवरच्या कॅबिनेट फॅनच्या पिनांत खोचलेली. आतली मांडणी सुटसुटीत दिसावी म्हणून जोडणाऱ्याने तसं केलं असावं. या पिना साधारण 1 अँपियर, म्हणजे 12 वॅटपर्यंतच्या. डी5 पूर्ण वेगाने 23 वॅटच्या घरात खातो. त्यात बोर्डावर आवाज कमी ठेवणारी सेटिंग. ती बघत होती बोर्डाचं तापमान, प्रोसेसरचं नव्हे. बोर्ड गार, म्हणून ती व्होल्टेज उतरवत होती. डी5 ला किमान 8 व्होल्ट लागतात. शेतात व्होल्टेज पडलं की मोटर नुसती घूं घूं करते आणि पाणी चढत नाही, तोच प्रकार.

म्हणून कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो: वीज एसएमपीएसकडून (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायकडून) घ्या, खबर मदरबोर्डला द्या. चांगल्या पंपाला दोन शेपट्या असतात. एक मोलेक्स किंवा साटा कनेक्टरची. तिच्यातून 12 व्होल्ट थेट येतात. दुसरीत वेग कळवणारी आणि वेग ठरवणारी अशा बारीक वायरी असतात. ही दुसरी शेपटी सीपीयू फॅनच्या पिनांवर लावावी. पंप बंद पडला की बहुतेक बोर्ड सुरू होतानाच फॅन एरर दाखवून अडून बसतात, आणि तसं अडलेलंच बरं. बायोसमध्ये पंपाचा वेग ठरावीक ठेवा, तापमानाप्रमाणे खालीवर नको. एका मर्यादेपुढे वेग वाढवून तापमान फारसं उतरत नाही, आवाज तेवढा वाढतो. तयार मिळणाऱ्या बंद कूलरमध्ये काहींचा पंप बोर्डाच्या तीन पिनांवरच चालतो. तिथे ती जागा कायम पूर्ण 12 व्होल्टवर ठेवावी. काही बोर्डांवर पंपासाठी जास्त करंटच्या वेगळ्या पिना असतात. त्यांची क्षमता बोर्डाच्या पुस्तिकेत बघूनच वापराव्यात.

मोलेक्सवरून साटा करणारे स्वस्तातले कन्व्हर्टर घेऊ नका, विशेषतः ज्यांच्या वायरी प्लास्टिकमध्ये ओतून बंद केलेल्या असतात ते. आतल्या आत शॉर्ट होऊन ते पेटू शकतात.

आमच्याकडे हौशी मंडळी डेझर्ट कूलरचा 230 व्होल्टचा पंप लावायचं बोलतात. कल्पना नवी नाही. 2000 च्या सुमारास युरोपातले लोक आयहाइम कंपनीचे मत्स्यालयाचे पंप असेच वापरत. पण लाइन गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो आणि भिंतीच्या सॉकेटमधला पंप थांबतो. शिवाय पंपाचं इन्शुलेशन गेलं की पाण्यात 230 व्होल्ट. मी तरी नकोच म्हणेन.

लूपमध्ये पाणी भरताना बाकीच्या सगळ्या वायरी काढून फक्त पंपाला वीज द्यावी. त्यासाठी एसएमपीएस बंद असताना 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर शेजारच्या काळ्या वायरशी जोडायची, मग एसएमपीएसचं बटण दाबायचं. हल्ली बऱ्याचदा सगळ्याच वायरी काळ्या येतात, तेव्हा अंदाजाने तार खोचण्यापेक्षा बाजारात मिळणारा तयार जंपर घ्यावा. लूपची टाकी रिकामी होत आली की पंप लगेच बंद करा. या पंपाच्या बेअरिंगला वंगण त्याच पाण्याचं असतं. कोरडा फिरवला तर बेअरिंग लवकर जातं.