वाचनमंडळे आणि कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री

वाङ्मयाचा इतिहास म्हणजे लेखकांचा इतिहास असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. कोणी काय लिहिले, केव्हा लिहिले, कोणाच्या प्रभावाखाली लिहिले याची चर्चा पानोपानी आढळते. ते कोणी वाचले, कसे वाचले आणि वाचून त्या माणसांचे काय झाले, हा प्रश्न मात्र ग्रंथांतही येत नाही आणि परीक्षेलाही येत नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाचनमंडळांविषयी वाचू लागल्यावर मला हा प्रश्न बाजूला ठेवता येईना. कारण तेथे कित्येकदा वाचक आधी आणि लेखक मागाहून असा उलटा क्रम दिसतो. एलिझाबेथ मॅकहेन्री या विदुषीने २००२ साली 'फरगॉटन रीडर्स' या ग्रंथात या विस्मृत वाचकांचा शोध घेतला. तेव्हापासून हा विषय अभ्यासकांच्या नजरेत भरला, असे म्हणण्यास हरकत नाही. प्रस्तुत लेखात त्या इतिहासातील मला महत्त्वाच्या वाटलेल्या काही गोष्टींचा परिचय करून देण्याचा विचार आहे.

प्रथम पार्श्वभूमी. दक्षिणेकडील गुलामांच्या राज्यांत अक्षर ही धोक्याची वस्तू मानली जाई. साऊथ कॅरोलिनात गुलामांना लिहावयास शिकविण्यास १७४० सालीच बंदी झाली होती. १८३१ च्या ऑगस्टमध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या नेतृत्वाखाली बंड झाले आणि त्या सुमारास अनेक राज्यांनी असे कायदे अधिक कडक केले. नॅट टर्नर स्वतः वाचू शकत असे, ही गोष्ट मळेवाल्यांच्या मनात चांगलीच रुतली असावी. सूझी किंग टेलर या बाईंनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींत आपल्या सव्हाना येथील बालपणाची हकीकत दिली आहे. चोरून चालणाऱ्या शाळेत जाताना मुले पुस्तके कागदात गुंडाळून नेत, कारण ती पोलिसांच्या किंवा गोऱ्या माणसांच्या दृष्टीस पडता कामा नयेत. पाटीदप्तर लपवून शाळेत जाणे म्हणजे काय, हे ज्यांनी सावित्रीबाईंच्या १८४८ नंतरच्या पुण्याची हकीकत वाचली आहे त्यांना वेगळे सांगावयास नको. तेथे दगड आणि शेण होते, येथे कायदाच होता.

उत्तरेकडील शहरांत काही कृष्णवर्णीय कुटुंबे स्वतंत्र होती. त्यांतील स्त्रियांनी १८३१ साली फिलाडेल्फियात 'फीमेल लिटररी असोसिएशन' स्थापन केली. सभासद सुमारे वीस. या मंडळाची कामाची पद्धत मला इतकी विलक्षण वाटते की, त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून राहवत नाही. सभासद स्त्रिया दर आठवड्याला स्वतः काही लिहीत आणि तो कागद नाव न घालता एका पेटीत टाकीत. मग एक समिती त्या कागदांची चिकित्सा करी. 'लिबरेटर' पत्राचे संपादक विल्यम लॉईड गॅरिसन यांनी १८३२ साली या मंडळाची माहिती दिली आणि तेथील काही लेखन आपल्या पत्रात छापले.

निनावी पेटीची ही युक्ती साधी दिसते, पण तिच्यात मोठे शहाणपण आहे. वीस बायका एका खोलीत बसल्या म्हणजे त्यांत कोणी शिक्षिका असणार, कोणी सुखवस्तू घरातली असणार, कोणी नुकतीच अक्षरे जुळवू लागलेली असणार. नाव दिसले की मान ठेवून बोलावे लागते, नाही तर कीव करून बोलावे लागते. नाव नसले म्हणजे फक्त मजकूर उरतो. आपल्या वाङ्मय मंडळांत कवितावाचन झाले की, कवीचा चेहरा पाहून टाळ्या पडतात हे आपण नित्य अनुभवतो. त्या स्त्रियांनी ही अडचण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी ओळखली होती. दुसरे असे की, ज्या देशात आपल्या जातीच्या माणसाला बुद्धी आहे की नाही याचीच चर्चा भर सभेत चालत असे, तेथे या स्त्रिया एकमेकींच्या वाक्यांतले दोष काढीत बसल्या होत्या. आपली वाक्ये दोष काढण्याच्या योग्यतेची आहेत हे त्यांनी गृहीत धरले, यातच त्या चर्चेचे उत्तर होते.

या मंडळातील प्रमुख स्त्री म्हणजे सेरा मॅप्स डग्लस. त्या व्यवसायाने शिक्षिका, आणि 'झिल्ला' या टोपणनावाने 'लिबरेटर'मध्ये लिहीत. १८३२ साली मंडळापुढे केलेल्या भाषणात त्यांनी आपल्या मनाचा एक पालट सांगितला आहे. आपण स्वतंत्र, आपले घर सुखरूप, म्हणून गुलामगिरीचे दुःख वर्षभरापूर्वीपर्यंत आपल्याला दूरचे वाटत होते. पण जुलमाचे पाऊल आपल्या उंबऱ्यापाशी येऊन ठेपले तेव्हा गुलामाचे दुःख ते आपले दुःख झाले, अशा आशयाचे ते निवेदन आहे. त्या वर्षी पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात स्वतंत्र कृष्णवर्णीयांवर निर्बंध आणण्याच्या हालचाली चालू होत्या. त्या ध्यानी घेतल्या म्हणजे हे भाषण वाङ्मय मंडळात का झाले ते उमगते. या स्त्रियांनी त्याच काळात 'मनाची मेजवानी' नावाचे मेळावेही भरविले. तेथे वाचन आणि संभाषण भरपूर, पोटाला मात्र अगदी साधे. (आमच्या महाविद्यालयीन संमेलनांत प्रमाण बरोबर उलटे असते, हे जाता जाता नमूद करतो.)

बोस्टनमध्येही अशाच स्वरूपाचे एक मंडळ निघाले. प्रवेशाला २५ सेंट आणि पुढे दरमहा साडेबारा सेंट अशी त्याची वर्गणी होती, आणि आजारी सभासदाला त्या निधीतून मदत मिळे. म्हणजे वाचनमंडळ आणि भिशी अशी दोन्ही कामे एकाच पेटीतून होत. मराया स्ट्यूअर्ट यांनी १८३२ साली या मंडळापुढे भाषण केले. स्त्री-पुरुषांच्या संमिश्र सभेत जाहीरपणे बोलणाऱ्या पहिल्या अमेरिकन स्त्रियांत त्यांची गणना होते. त्यांच्या परखडपणाचे कौतुक स्वजनांनीही फारसे केले नाही. १८३३ साली निरोपाचे भाषण करून त्या बोस्टन सोडून गेल्या.

यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली, पण १८७० च्या शिरगणतीत कृष्णवर्णीय लोकांपैकी सुमारे ८० टक्के निरक्षर होते. १९१० पर्यंत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास आले. चाळीस वर्षांतील ही मजल सरकारी शाळांच्या जोरावर झाली असे म्हणता येणार नाही. चर्चच्या खोल्या, घरगुती वर्ग आणि स्त्रियांची मंडळे यांचा त्यात मोठा वाटा होता.

याच युगात, १८७३ साली, महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यमुक्त केले या कार्याबद्दल अर्पण केला, हे मराठी वाचकाला ठाऊकच आहे. त्या मुक्त झालेल्या लोकांच्या लेकीसुनांनी पुढे काय वाचले, ही चौकशी आपल्याकडून व्हावयाची राहून गेली होती. डॉ. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा मराठीत परिचय करून दिला. त्याच वाटेने थोडे पुढे जावे असा माझा प्रयत्न आहे.

१८९० नंतरचा काळ स्त्रियांच्या क्लबांचा. बोस्टनच्या जोसेफीन सेंट पिएर रफिन यांनी 'वूमन्स इरा' हा क्लब काढला आणि १८९४ पासून त्याच नावाचे पत्र चालविले. १८९५ च्या जुलैमध्ये बोस्टनला कृष्णवर्णीय स्त्रियांची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. निमित्त असे की, मिसूरीतील एका गोऱ्या पत्रकाराने कृष्णवर्णीय स्त्रियांच्या शीलावर घाणेरडे शिंतोडे उडविणारे पत्र लिहिले होते. या परिषदेत व्हिक्टोरिया अर्ल मॅथ्यूज यांनी आपल्या लोकांच्या साहित्याचे मोल या विषयावर भाषण केले. शीलावरील आरोपाला उत्तर देण्यासाठी जमलेल्या परिषदेत साहित्यावर व्याख्यान का, असे कोणी विचारील. पण आपले चित्र दुसऱ्याने रंगविले तर ते कसे रंगते, याचा पुरावा त्या पत्राच्या रूपाने समोरच पडलेला होता. पुढच्या वर्षी राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि मेरी चर्च टेरेल तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या.

रफिनबाईंना १९०० साली मिलवॉकी येथे आलेला अनुभव सांगण्यासारखा आहे. गोऱ्या स्त्रियांच्या क्लबांच्या महासंघाच्या अधिवेशनाला त्या गेल्या होत्या. त्या काही गोऱ्या क्लबांच्याही सभासद होत्या, आणि त्या नात्याने त्यांना बसू देण्यास महासंघ तयार होता. आपल्या कृष्णवर्णीय क्लबाच्या प्रतिनिधी म्हणून मात्र त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यांच्या छातीवरील प्रतिनिधीचे पदक ओढून काढण्याचाही प्रयत्न झाला. एकटीदुकटी आली तर पाहुणी, संस्था घेऊन आली तर संकट, असा हा न्याय होता.

या क्लबांचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र झाकता कामा नये. सभासद बहुधा शिक्षिका, डॉक्टरांच्या आणि धर्मगुरूंच्या पत्नी अशा वर्गातल्या होत्या. धुणी धुणारी, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात राबणारी स्त्री हा त्यांच्या कार्याचा विषय होता. चर्चेत बरोबरीने बसणारी सखी ती क्वचितच होती. सभ्य दिसण्याचा त्यांचा आग्रह कधी कधी मला जाचक वाटतो. तरी तो आग्रह कोणत्या शिव्यांना उत्तर म्हणून आला होता, हे लक्षात घेऊनच त्याविषयी बोलावे.

आता एका पुस्तकाची गोष्ट. झोरा नील हर्स्टन यांची 'देअर आईज वेअर वॉचिंग गॉड' ही कादंबरी १९३७ साली निघाली. रिचर्ड राईटसारख्या मातब्बर लेखकाने तिला विचारच नाही असा शेरा मारला. पुढे ती छपाईतून गेली. लेखिका १९६० साली फ्लोरिडात वारली आणि तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता. १९७३ साली ॲलिस वॉकर यांनी ती दफनभूमी शोधून तेथे दगड बसविला आणि १९७५ साली त्यावर लेख लिहिला. पण पुस्तक वाचवले ते केवळ एका लेखाने नव्हे. पुस्तक बाजारात मिळत नसताना अध्यापिका आणि विद्यार्थिनी त्याच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरवीत होत्या. अखेर १९७८ साली इलिनॉय विद्यापीठाने त्याची नवी आवृत्ती काढली. आज अमेरिकेतील असंख्य वर्गांत ते नेमलेले असते. टीकाकाराने मारलेले पुस्तक वाचकांनी जिवंत केले, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

१९७७ साली न्यूयॉर्कमध्ये ॲलिस वॉकर आणि जून जॉर्डन यांनी 'द सिस्टरहूड' नावाची बैठक सुरू केली. टोनी मॉरिसन, एन्तोझाके शांगे यांच्यासारख्या लेखिका एकमेकींच्या घरी जमत. आपली पुस्तके कोण छापील, त्यांवर परीक्षणे कोण लिहील याचा रोखठोक विचार तेथे होई. ही बैठक दोनेक वर्षेच चालली, पण तिच्यातील बायकांनी पुढची पन्नास वर्षे गाजविली.

यानंतरचा भाग बहुतेकांना माहीत असल्याने थोडक्यात सांगतो. १९९२ साली टेरी मॅकमिलन यांची 'वेटिंग टू एक्झेल' ही कादंबरी तडाखेबंद खपली आणि कृष्णवर्णीय स्त्री पुस्तके विकत घेते, हा शोध मोठ्या प्रकाशकांना लागला. त्याच सुमारास, १९९१ पासून, 'गो ऑन गर्ल' या मंडळाच्या शाखा निघू लागल्या होत्या. १९९६ साली ओप्रा विन्फ्री यांनी दूरदर्शनवर वाचनमंडळ सुरू केले. त्यांनी दुसरेच पुस्तक निवडले ते मॉरिसन यांचे 'साँग ऑफ सॉलोमन', आणि २००२ पर्यंत त्यांची एकूण चार पुस्तके घेतली. दूरदर्शनच्या मंडळात गंभीर वाचन होते काय, असा आक्षेप पंडितांनी घेतला. मला तो पटत नाही. मॉरिसन यांची कादंबरी कळायला अवघड जाते म्हणून भांडणारी गृहिणी आणि तीच अडचण पारिभाषिक शब्दांत मांडणारा प्राध्यापक यांत मला गृहिणी अधिक प्रामाणिक वाटते.

२०१५ साली दोन घटना घडल्या. ग्लोरी एडिम यांनी ब्रुकलिनमध्ये 'वेल-रेड ब्लॅक गर्ल' हे मंडळ सुरू केले. त्याचा वाङ्मयोत्सव २०१७ पासून भरू लागला. आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील नापा खोऱ्यात एका पर्यटन-गाडीतून अकरा जणींच्या वाचनमंडळाला खाली उतरविण्यात आले. त्यांपैकी दहा कृष्णवर्णीय होत्या आणि एक तर ८३ वर्षांची होती. त्यांचा अपराध मोठ्याने हसण्याचा. स्थानकावर पोलीस उभे होते. कंपनीने पुढे माफी मागितली, दावा झाला आणि २०१६ साली तडजोड झाली. मॅकहेन्रीबाईंच्या ग्रंथात ज्यांचा इतिहास आहे त्या बायकांना बोलू दिले जात नव्हते. या बायकांना नुसते हसूही दिले गेले नाही.

२०१९ साली नोनेम या गायिकेने काढलेले वाचनमंडळ तुरुंगांतील वाचकांना पुस्तके पाठविते. अमेरिकन तुरुंगांत कोणते पुस्तक आत जाऊ द्यावे याचा निर्णय अधिकारी करतात. मॉरिसन यांच्या 'पॅराडाईज' या कादंबरीने कैद्यांत दंगल उसळेल, अशा समजुतीने टेक्सासच्या तुरुंग खात्याने तिच्यावर बंदी घातली होती. तसे कळविणारे पत्र बाईंनी चौकट करून आपल्या घरात लावले होते.