परिचारिकेचे घर : एका अनुबोधपटाची आखणी

सन २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत पारनेर तालुक्यातील भाळवणी येथे सुमारे १,१०० खाटांचे उपचार केंद्र उभे राहिले. खाटांची संख्या दप्तरी राहते. मात्र अशा केंद्रांत व रुग्णालयांत राबलेल्या परिचारिकांचे घरचे जीवन नोंदीबाहेरच राहते. आठवणी ताज्या आहेत तोवर त्यांवर अनुबोधपट तयार करणे, हे शाळा व ग्रामपंचायतींनी हाती घेण्याजोगे कार्य होय.

प्रथम प्रश्नावली तयार करावी. पाळी संपल्यावर घरात प्रवेश कसा होई? लहान मुलांना कोण सांभाळी? शेजारी कसे वागत? झोप किती मिळे?

दुसरी बाब संमतीची. ती लेखी असावी, परिचारिकेकडून थेट घ्यावी; वरिष्ठांमार्फत घेतलेली संमती मोकळी नसते. नको असलेला भाग वगळण्याचा हक्क तिला असावा. रुग्णांची ओळख उघड करू नये.

तिसरी बाब वेळेची. रात्रपाळीनंतरची विश्रांती चित्रीकरणासाठी मोडू नये. आधी केवळ ध्वनिमुद्रण करावे; कॅमेरा नंतर न्यावा. त्या काळातील छायाचित्रे व पाळीपत्रके वापरावीत. प्रसंग नव्याने उभा केल्यास तसे पडद्यावर नमूद करावे.

पहिला खेळ परिचारिकांनाच दाखवावा. त्यानंतर १२ मे रोजी, आंतरराष्ट्रीय परिचारिका दिनी, गावकऱ्यांसाठी प्रदर्शन ठेवावे. पुढील साथीत त्यांच्या निवासाची, प्रवासाची व मुलांच्या संगोपनाची तजवीज कोणी करावी, याचा निर्णय त्या चर्चेतून झाला, तरच हा उपक्रम सार्थकी लागेल.