गोंधळ बघायला जायचं, तर रात्र काढायच्या तयारीने

शारदीय नवरात्र जवळ आलं की पुण्या-मुंबईहून ओळखीच्यांचे फोन सुरू होतात. तुळजापूरला येतोय, दर्शन झालं की संध्याकाळी एखादा गोंधळ बघू म्हणतो. कुठे असतो, किती वाजता? धाराशिवात राहणाऱ्याने यावर काय सांगावं? गोंधळ हा कुणाच्या तरी घरचा कुळाचार असतो. घरात लग्न झालं, मूल झालं, बोललेला नवस पुरा झाला, की गोंधळ्यांना सुपारी द्यायची आणि देवीचं देणं फेडायचं. टोकियोच्या काबुकीझा नाट्यगृहात परक्या माणसाला एकाच अंकाचं तिकीट काढून बसता येतं. गोंधळाला तिकीट नाही आणि कार्यक्रमपत्रिकाही नाही, कारण तो प्रेक्षकांसाठी मांडलेलाच नसतो. ही एक गोष्ट मनात धरली, तर पाहुण्याच्या निम्म्या अडचणी आपोआप सुटतात.

ती न धरल्याने काय होतं, ते मी जवळून पाहिलं आहे. भाचा आपल्या कंपनीतल्या मित्रमंडळींना घेऊन ऐन नवरात्रात आला. "मामा, तुम्ही धावपळ करू नका, लॉजवरच्या एका माणसाने सगळं ठरवून दिलंय," म्हणाला. मीही सोबत गेलो. लॉजच्या गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, कोपऱ्यात स्पीकर. चौक भरला नाही, घट मांडला नाही, दिवटी तर नव्हतीच. संबळ वाजला, दोन पदं झाली, मग पाहुण्यांना ओळखीचं वाटावं म्हणून सिनेमातली गाणी. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. मंडळी टाळ्या वाजवून उठली आणि गोंधळ म्हणजे एवढंच, अशी समजूत घेऊन परत जायला निघाली. खाली जिन्यात संबळवाल्याशी बोललो, तेव्हा कळलं की पाहुण्यांनी मोजलेल्या पैशांतला अगदी थोडा भाग त्या कलावंतांच्या हाती पडला होता. मला राग आला तो या दोन्ही गोष्टींचा. फसले ते पाहुणेही आणि गोंधळीही.

पुढे लग्नसराईत तुळजापूर तालुक्यातल्याच आमच्या एका नातलगाकडे गोंधळ ठरला, तेव्हा भाच्याला आवर्जून कळवलं आणि त्याच्या मित्रांपैकी ज्यांना खरंच बघायचं होतं त्यांना बोलावून घेतलं. यजमानांना आधी विचारलं, हे महत्त्वाचं. आपल्याकडे पाहुण्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही, पण विचारून गेलेल्या माणसाला बसायला जागा वेगळी मिळते.

तिथे त्यांनी सगळं पहिल्यापासून पाहिलं. पाटावर नवा खण अंथरला, त्यावर तांदळाचा चौक, मधे कलश, नागवेलीची पानं, नारळ. दिवटी पाजळली. संबळाचे दोन भाग कमरेला बांधलेले. एकाचा आवाज खोल, दुसऱ्याचा कडक, आणि ते वाजवायच्या काठ्यांपैकी एकीचं टोक वाकडं. जोडीला तुणतुणं आणि झांज. गळ्यात कवड्यांच्या माळा. गोंधळ्यांत दोन मुख्य शाखा आहेत, माहूरच्या रेणुकेचे रेणुराई आणि तुळजाभवानीचे कदमराई. आमच्याकडचे अर्थातच कदमराई. आधी गण, मग आवाहन. गावोगावच्या देवदेवतांना नाव घेऊन गोंधळाला यायचं निमंत्रण द्यायचं. नवख्या माणसाला हा भाग नुसती नावांची यादी वाटते आणि तो मोबाईल काढतो. माझं सांगणं असं की इथेच कान द्यावा. कोणता देव कुठल्या गावचा हे त्या नावांतून उलगडत जातं आणि आपल्या मुलखाचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो.

खरा रंग भरतो तो मध्यरात्रीनंतर, आख्यानात. मुख्य गोंधळी कथा सांगतो, साथीदार मधेच प्रश्न विचारून त्याला अडवतो, हसवतो, पुन्हा कथेवर आणतो. द्रौपदी आणि कर्णाचं जांभूळ आख्यान शाहीर विठ्ठल उमपांनी रंगमंचावर नेलं म्हणून शहरात माहीत झालं, ते मूळचं याच परंपरेतलं. आमच्या पाहुण्यांपैकी दोघं आख्यान सुरू व्हायच्या आधीच झोपायला गेले. दुपारी झोप काढून या, असं मी आधीच सांगितलं होतं आणि यापुढेही प्रत्येकाला सांगेन.

एकाने चित्रीकरणासाठी पांढराशुभ्र दिवा लावला. यजमानांच्या आई उठून त्याच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "लेकरा, दिवटी पेटलीय ना, तेवढा उजेड पुरे." त्याने लगेच दिवा बंद केला. चित्रीकरण करायचं असेल तर यजमान आणि गोंधळी या दोघांनाही विचारावं, आणि वरचा दिवा अजिबात लावू नये. चौकाच्या आणि गोंधळ्यांच्या मधून आडवं जाऊ नये. आरतीचं ताट फिरेल तेव्हा ओवाळणी टाकावी. नैवेद्य कुठे पुरणाचा असतो, कुठे बोकडाचा. जे खात नसाल ते आधीच सांगून ठेवा, पण पानावरून उठू नका.

दिवस निवडतानाही विचार करावा. नवरात्रात तुळजापुरात मुंगीला शिरायला जागा नसते. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेलाही गर्दीच. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर देवी कोजागिरीपर्यंत निद्रा घेते, आणि त्या पौर्णिमेला कर्नाटकातून, सोलापूरकडून लोक पायी येतात. रस्ता माणसांनी भरून जातो. ती वारी बघण्यासारखी आहे, पण निवांत गोंधळ ऐकायचा तो लग्नसराईत, एखाद्या गावात. देवीच्या आराध्यांची गाणी ऐकायची असतील तर चैत्र पौर्णिमेच्या सुमारास येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत जा. आणि खंडोबाचं जागरण हे वेगळं. त्यात वाघ्या-मुरळी असतात, संबळाऐवजी दिमडी आणि घोळ असतो. त्यासाठी पौष पौर्णिमेला नळदुर्गजवळचं मैलारपूर गाठावं. यायच्या आधी रा. चिं. ढेरे यांचं 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' वाचता आलं तर जरूर वाचा. समोर काय चाललंय ते निम्म्याहून अधिक कळेल.

शेवटचं, पैशांचं. गोंधळी रात्रभर उभा राहून गातो, आणि सुपाऱ्या येतात त्या वर्षातल्या ठरावीक महिन्यांतच. स्वतः गोंधळ ठरवणार असाल, तर मधला माणूस टाळा. ओळखीतून थेट गोंधळ्यांशी बोला, बिदागी आधी ठरवा, घासाघीस करू नका, आणि रक्कम मुख्य गोंधळ्याच्या हातात स्वतः द्या.